वाटी

आधी मूठ फिरवून काढली.
अंगठ्याशी चामडं झिजून पांढुरकं पडलंय,
तो अंगठा माझा नव्हे, बाबांचा.
मग मधला खोका. चार स्क्रू हवेत, तीनच निघाले,
चौथ्याच्या जागी मागावरची कसलीशी पिन, वाकवून बसवलेली.
लोकरीच्या गिरणीत एकतीस वर्षं माग दुरुस्त केलेल्या माणसाची
ही सही. कुठेही ओळखेन.

कोव्हिल्यांवर सकाळपासून धुकं उतरलेलं,
गॅरेजचं दार अर्धं उघडं,
दोन सीटांची लाल गाडी,
आणि स्टुलावर बाबा, टॉर्च धरून.
गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, म्हणून टॉर्च.
नाहीतर मला हात लावू दिला असता?

वरचा रबरी मोजा फाटलाय हे माहीत होतं,
खालचाही चिरलेला निघाला.
आत तेल काळं, त्यात चंदेरी कस,
कुजक्या लसणाचा वास.
सिरिंजने उपसलं. तीन बोल्ट, दहाचा पाना,
दांडा वर ओढला, तर तो वाट बघत असल्यासारखा
सहज हातात आला.

दांड्याला गोळा, गोळ्याखाली बोटभर शेपूट,
आणि शेपटाच्या टोकाला नायलॉनची एक वाटी असते,
गुडघ्याला असते तशी, पण अंगठीत मावेल एवढी.
असते. असायला हवी.
नवी माझ्या खिशात होती. जुनी काढायला चिमटा घेतला,
चिमट्याला नुसतं लोखंड लागलं.

टॉर्च हलला.

एकोणीस वर्षांपूर्वी हेच काम त्यांनी केलं होतं, ह्याच दारात.
तेव्हा मी सोळाची. टॉर्च माझ्याकडे.
नीट धर, लक्ष कुठाय तुझं, लुर्देस?
दोन वर्षांनी शेजारी बसून शिकवायला लागले,
वर तोर्रेच्या घाटात, प्रत्येक वळणाआधी ओरडत : दुसरा!
मी दुसरा मागायचे, गाडी चौथा द्यायची,
इंजिन खोकून बंद,
मागे चीजवाल्याचा ट्रक हॉर्न वाजवतोय.
हाताला कळत नाही तुझ्या, म्हणायचे.
मी हाताकडे बघायचे.
पोर्तोला नोकरी लागली तेव्हा ऑटोमॅटिक घेतली.

त्यांना मात्र दुसरा न चुकता लागायचा :
डुगडुगता दांडा जरासा आपल्याकडे ओढायचा, मग खाली.
ऐट वाटायची मला ती. कसब वाटायचं.
ती एका वाटीची कसर होती,
हाताने भरून काढलेली, हातालाही न सांगता.

बाबा काही बोलले नाहीत.
स्क्रूंचा बिस्किटाचा डबा मागितला.
बराच वेळ त्यात बोटं फिरवली, खळखळ, खळखळ,
आणि सापडली.
पिवळी पडलेली, पण कडा जशाच्या तशा.
तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरली,
पडलेला दुधाचा दात पोरं दाखवतात तशी.
मग टॉर्चला म्हणाले, सेल संपत आलेत.

नवी वाटी टक् करून बसली.
वंगण मी बोटानेच लावलं, गोळ्याच्या कडेकडेनं,
ब्रश शेजारी पडला होता तरी.
नवं तेल, नवे मोजे. बोल्ट आवळायला पाना त्यांना दिला.
एवढं वाकता येतं, म्हणाले. येत नव्हतं.
मी पलीकडून खांदा दिला.
पिन होती तिथेच ठेवली.

दुपारी धुक्याच्या वर निघालो.
वळणं येत राहिली. ते ओरडले नाहीत,
फक्त उजवा पाय प्रत्येक वेळी चटईत रुतत होता.
नवव्या वळणाला मेंढ्या, सबंध रस्ताभर,
आणि कुत्रं, ज्याला कसलीच घाई नव्हती.
पहिला. थांब. पहिला. दुसरा.
रस्ता मोकळा झाल्यावरही मी उगाच एकदा
न्यूट्रल केला, आणि परत दुसरा टाकला,
त्यांना ऐकू जावा म्हणून.

पण ऐकू जाईल असं
आता काही उरलंच नव्हतं.